थायोचे चार थेंब

९ फेब्रुवारी, सोमवार
पेटी चालू झाली! नवी इंजिनिअरबाई — माझ्या मुलीएवढी — बाह्या सरसावून स्वतः प्लेटा घासत होती. शहराचं सांडपाणी पेटीतून न्यायचं, प्लेटांत वीज सोडायची; पाण्यातल्याच मिठाचा क्लोरीन होतो आणि तो अमोनियाची वाट लावतो. बस्स! एकोणतीस वर्षं या प्रयोगशाळेत बाटल्या हलवतोय, असलं काही बघितलं नव्हतं.
शुक्रवारी समिती. अमोनिया लिटरमागे पाच मिलिग्रॅमच्या खाली आला तर ठीक, नाहीतर पेटी भंगारात आणि बाई घरी. "काका, सगळं तुमच्या आकड्यांवर," म्हणाली. माझा आकडा आजवर एकदाही चुकलेला नाही, हे तिला कोणीतरी सांगितलेलं दिसतंय.

१० फेब्रुवारी
आत जाताना अडतीस. बाहेर येताना शून्य पूर्णांक दोन! अमोनिया असला की नळीतलं पाणी पिवळं पडतं; हे पडायलाच तयार नाही. मी खुर्चीवरून उठलोच. बाई मात्र आकड्याकडे नुसती बघत राहिली. "अहो, हसा की जरा!" म्हटलं. मान हलवून गेली. हुशार माणसं जरा विक्षिप्तच.

११ फेब्रुवारी
आजही शून्य पूर्णांक दोन. पोरगी आहे की जादूगार!

१२ फेब्रुवारी, गुरुवार
काल घरी जेवताना बायको म्हणाली, "अहो, पोहायला गेला होतात की काय? शर्टाला पोहण्याच्या तलावाचा वास येतोय." हसलो — आणि हातातला घास ताटात ठेवला. क्लोरीन! नमुन्यात उरलेला क्लोरीन चाचणीआधी मारावा लागतो, थायोचे, म्हणजे थायोसल्फेटचे, चार थेंब टाकून. नाहीतर अमोनिया असून दिसत नाही. आमच्या रोजच्या पाण्यात क्लोरीन नसतोच, म्हणून लक्षातच आलं नाही. दोन दिवस खोटे आकडे दिले. मी!
सकाळी थेंब टाकून चाचणी केली. अकरा.
गप्प बसलो तर कोणाला कळणार होतं? पेटीही वाचली असती, माझी अब्रूही. तीनदा तिच्यापर्यंत जाऊन परत आलो. लाज वाटत होती, भीतीही. शेवटी सांगून टाकलं. कान धरायचेच काय ते बाकी होते.
"बरं झालं काका," एवढंच म्हणाली. आणि आल्यापासून पहिल्यांदा मनापासून हसली. उद्या पेटी जाणार म्हणून मला रडू येतंय, आणि ही हसतेय!

१३ फेब्रुवारी, शुक्रवार
आजपासून 'म्हणाली' बंद. 'म्हणाल्या'!
समितीपुढे बाई ताठ उभ्या राहिल्या. "शून्य पूर्णांक दोन चुकीचा होता. खरा आकडा अकरा. आमच्या काकांनी शोधून काढलं." चूक कोणाची, ते गिळून टाकलं! अध्यक्ष म्हणाले, "अकरा म्हणजे नापास." बाई म्हणाल्या, "हो. पाणी पेटीत जास्त वेळ ठेवून पाचाखाली आणते. महिना द्या." बरीच कुजबुज झाली. दिला महिना! काय छाती आहे बाईंची!

१६ फेब्रुवारी, सोमवार
बाईंनी पेटीच्या नोंदींची वही उतरवून काढायला दिली. मंगळवारच्या पानावर, कोपऱ्यात, बाईंच्या अक्षरात, पेन्सिलीने — "०.२ शक्यच नाही. काकांनी क्लोरीन मारलेला नाही. त्यांचं त्यांना सापडू दे, एकोणतीस वर्षांचा मान आहे. नाहीच सापडलं तर शुक्रवारी सांगायचं — चूक माझी."