कडीची चार भोकं

वळ, ३ फेब्रुवारी २०२५

चि. हेमालीस गोदूआत्याचा आशीर्वाद.

न्हाय, मला भीती न्हाय वाटली. शेजारच्या जीवनने मोबाइलवर तुझ्या कादंबरीवरचा पिक्चर लावून दिला तो पुरा बघितला, मधी उठून भात पण लावला. भूत न्हाय, रक्त न्हाय. एक बाई खोलीत बसते, बाहेर पोरगी दार वाजवते, ह्याला भीतीचा पिक्चर म्हणतात? आणि कापडाच्या लूमची खटखट कशाला एवढी मोठी केली? आम्ही त्या आवाजात झोपायचो. लूम बंद पडला की जाग यायची.

तुझी कादंबरी मी वाचली न्हाय, चौथी शिकलेल्या बाईला एवढी पानं कुठून झेपणार. पण ती बाई म्हणजे तुझी आई, आमची रीमावहिनी, एवढं कळलं. एकच चूक हाय. ती आतून कडी लावते असं दाखवलंय. त्या दाराला आतून कडी नव्हती. पिक्चरवाल्यांना सांग.

वेळेवर जेव. माया हाय तेवढी राहू दे.

गोदूआत्या


पुणे, ११ फेब्रुवारी

ती. आत्यास सा. न. वि. वि.

भाताचं वाचून हसले. मग कडीचं वाचलं. अख्खी कादंबरी त्या कडीवर उभी आहे, आत्या. सहा वर्षांची मी दार वाजवायचे आणि आई उघडायची नाही. तिला मी नको होते, असंच आजवर धरून चाललेय. तुला नक्की आठवतं का? रागावलीस तरी चालेल, पण कळव.

तुझी,
हेमाली


वळ, १७ फेब्रुवारी

चि. हेमालीस आशीर्वाद.

आठवायला कशाला पायजे, दाराला भोकं हायत. आतल्या बाजूला, चार. तुझी आई उठसूट हायवेला जायची, ट्रकांच्या मधी उभी राहायची. दोनदा पडघ्याच्या एका ड्रायव्हरने घरी आणून सोडली. तुझा बाप आणि मी, दोघं लूमवर. घरी बसणार कोण? मी आतली कडी काढली, त्याच स्क्रूनी बाहेर लावली. उंच, तुझा हात पोचू नये म्हणून. ड्युटीला जाताना मीच लावायची.

तिचं बोलणं तेव्हा बंदच होतं. पण तू जिथं वाजवायचीस, तिथंच ती आतून तळहात ठेवून बसायची. मागच्या खिडकीतून मी बघितलंय.

थकले आता. फोन करू नको, येऊ पण नको. ह्याच्यापुढे मी काय सांगणार न्हाय.

गोदू