पहिला अंगठा, चौथा ठराव

सदलगा,
भाद्रपद वद्य प्रतिपदा, शके १८६०

प्रिय कलगोंडा,

तुझं पोट कसं आहे ते आधी कळव. माझ्या हातच्या पुरणाच्या पाच होळग्या जेवून गेलास त्याला महिना होत आला, पण पाच म्हणजे पाच. छप्पन्न वर्षांच्या माणसाला तीनच्या वर शोभत नाहीत. मी वाढत गेले नि तू खात गेलास, तेव्हा दोष दोघांचा. इकडं बरं आहे. दूधगंगा यंदा दोनदा चढली नि दोनदा आपली आपण उतरली. तुझ्या रानात तंबाखूची रोपं लागली. तुझा डावा बैल अजून तुझ्यासारखाच आहे, गाडी ओढायचं सोडून जोडीदाराला ढुशी देतो.

मला अक्षर येत नाही, हे तू चारचौघांत हसून सांगतोस. खरं आहे ते. मी सात वर्षांची असताना बस्तीत, आपल्या जैन देवळात, एक पंडित आले होते, ते मुलींनाही पाटीवर बसवायचे. तीन दिवस मी गेले. चौथ्या दिवशी तू जन्मलास. आईनं माझ्या हातातली पाटी काढून घेतली नि तिथं तुला ठेवलं. वजनाला तू पाटीपेक्षा जड, आणि पाटी रडत नसे. पण त्याचा राग मी कधी धरला नाही. तुला कमरेवर घेऊन गाव फिरले. तू बेळगावला शिकायला गेलास, सुट्टीत आलास की कॅम्पातल्या साहेबाची चाल चालून दाखवायचास, इंग्रजीत म्हशीला शिव्या द्यायचास, तेव्हा मला वाटायचं की घरातलं एक तरी शिकलं, म्हणजे मीच थोडी शिकले. गेल्या वर्षी तू असेंब्लीत निवडून आलास तेव्हा गावात साखर मीच वाटली. खडीसाखर, पेढे नव्हेत. माणूस ओळखून वाटावं.

आता कांताचं. तुझी लेक एकोणिसाव्या वर्षी पांढरं नेसून परत आली, तेव्हा तू तिला मागची खोली दिलीस आणि तिच्यासमोर जेवणं सोडलंस. मी तिला माझ्या घरी आणलं. श्राविकाश्रमात घातलं. ती शिकली नि गावच्या मुलींच्या शाळेत मास्तरीण झाली. नदीकडच्या वाटेवर दोन खोल्यांची शाळा, बेचाळीस पोरी, त्यात तीन तर पाटलांच्या भावकीतल्या. तुला ते खुपलं. पाटलाची विधवा लेक रोज सकाळी उघड्या रस्त्यानं हातात छडी घेऊन जाते, लोक तिला बाई म्हणतात, नमस्कार करतात. हे तू माझ्यापाशी बोलला असतास तर मी भांडले असते, रडले असते, कदाचित तुझी समजूतही घातली असती. तू बोलला नाहीस. तू वैशाखात कागद घेऊन आलास.

आठवतंय ना रं? माझ्या सोप्यात बसलास, ताक प्यालास. म्हणालास, आक्का, नदीला सरकारी नाव मिळावी म्हणून बायकांचा अर्ज आहे, पावसात माहेरी जायला कुणाला अडायला नको. मला ते इतकं आवडलं की मी वाचून दाखव म्हणालेसुद्धा नाही. पहिला अंगठा माझा. पाटलाच्या बहिणीनं दिला म्हटल्यावर गावानं का अडावं? मी तुझ्या कारकुनाला, नागोजीला, दारोदार घेऊन फिरले. शाईची डबी त्याच्या हातात, बायकांचे हात माझ्या हातात. काही घाबरत होत्या, त्यांचे अंगठे मी स्वतः धरून उमटवले. सदतीस झाले. एकीनं विचारलं, आक्का, यात काय लिवलंय? मी म्हटलं, माझ्या भावानं लिहिलंय. तेवढं पुरलं तिला.

आषाढात शाळेत सरकारी पाकीट आलं. त्यात तुझा ठराव, नि मागं आमचा अर्ज. सदलग्याच्या स्त्रियांना ही शाळा नको आहे, पोरी घरकामातून जातात, वळण बिघडतं, म्हणून बंद करावी. खाली पहिली, 'मालुबाई हिची निशाणी डावे हाताचा अंगठा'. कांतानं मला ते वाचून दाखवलं. कुठं थांबली नाही, कुठं आवाज चढवला नाही, माझं नावसुद्धा इतर नावांसारखंच वाचलं. घडी केली नि शाळेला गेली. दोन दिवस घरात ती माझ्याशी बोलली नाही. पाणी तापवलं, गाळलं, ताट वाढलं, सगळं केलं, फक्त बोलली नाही. कलगोंडा, नवऱ्याच्या मागं मी रडले नव्हते तेवढी त्या दोन दिवसांत रडले. (इथं लिहिणारीचा हात थांबला होता. मी म्हटलं, लिही.)

मग मी पुण्याला आले. तुला वाटलं, जिनपालकडं आले. पोटचा पोरगा रेल्वेत नोकरीला असला की आईला निमित्त मिळतं. पण मी आले होते तुझ्यासाठी. त्या सकाळी कौन्सिल हॉलच्या पायऱ्यांवर तुला गाठलं, आठवतं? म्हटलं, माझा अंगठा परत दे. तू हसलास. म्हणालास, आक्का, कागद एकदा सभागृहात गेला की तो सरकारचा, तुला त्यातलं काय कळतंय गं. आणि लगेच विचारलंस, संध्याकाळी होळग्या करशील काय. तोपर्यंत माझ्या मनात तुझ्यासाठी विनंतीच होती. त्या पायरीवर ती संपली. मी म्हटलं, करते की.

पुरण वाटून ठेवलं, नि दुपारी जिनपालनं मला वर गॅलरीत बसवलं. काय ते तुमचं कामकाज. आम्ही बायका निवडायला बसलो की तासात सूपभर तांदूळ तरी होतात. एकजण उठून विचारतो, अमक्या तालुक्यात कोंडवाडे किती? दिवाण, म्हणजे तुमचा मंत्री, उठून सांगतो, माहिती गोळा करण्यात येत आहे. दुसरा विचारतो, तमक्या गावची विहीर केव्हा? माहिती गोळा करण्यात येत आहे. नऊ वेळा मोजलं मी. एक बाई उठली, नऊवारीतली, तिनं सुइणींचं विचारलं, तिचीही माहिती गोळाच होत होती, पण ती खाली बसेना, पुन्हा पुन्हा विचारत राहिली. मला ती आवडली. मग कागदामागून कागद टेबलावर ठेवले, कुणी त्यांच्याकडं बघितलंही नाही. दोघेजण झोपले होते. त्यातला एक तू, पण तुझी झोप मी ओळखते, डोळे उघडे ठेवून झोपतोस.

त्यानंतर सभासदांचे ठराव सुरू झाले. अध्यक्षांनी पहिल्याचं नाव पुकारलं. बाक रिकामा. पुन्हा पुकारलं. कुणी नाही. त्यांनी काहीतरी म्हटलं नि पुढचं पान उलटलं. मी जिनपालला विचारलं, काय झालं रं? तो म्हणाला, आई, गडी बाहेर विडी ओढत असणार. नाव पुकारल्यावर हजर नसला तर ठराव मागं घेतला असं धरतात. आता पुढच्या बैठकीला पुन्हा चिठ्ठ्या टाकणार, नंबर लागला तर लागला. मी विचारलं, मामाचा ठराव कितवा? म्हणाला, चौथा, साडेपाचपर्यंत येईल. मी मनात होळग्यांचा वेळ मोजला. तू खालून वर बघून मला हात केलास, मीही केला.

दिवस ढगाळ होता, हे माझं नशीब. चातुर्मासात तू दिवस बुडायच्या आत जेवतोस, जेवताना मौन धरतोस, एकदा पाटावरून उठलास की उद्या सकाळपर्यंत पाणीसुद्धा नाही. हा नेम तुला आईनं लावला, पण पाळायला शिकवलं मी. सुट्टीची घंटा झाली तसा तू आभाळाकडं बघत बाहेर आलास. म्हणालास, सूर्य दिसंना, वेळेचा भरवसा न्हाय, अर्ध्या तासात जेवून येतो. जिनपालचं बिऱ्हाड टांग्यानं पाच मिनिटांवर, आपण दोघं निघालो. तुला पाटावर बसवलं, ताट पुढं केलं, तू णमोकार म्हणून तोंड मिटलंस. मी मुद्दाम आधी आमटी वाढली. मग कटोरीत तूप. मग होळगी, एकेक, तव्यावरून ताटात, दुसरी लाटायला घेतल्यावर पहिली संपेल अशी. तू बोटानं पुरे म्हणायचास, मी वाढायची. तुला लहानपणी भरवलंय, तुझ्या बोटाचं मी केव्हा ऐकलंय?

चौथी होळगी ताटात होती तेव्हा नागोजी आला. धावत आला होता, छाती भात्यासारखी हलत होती. मी दारातच अडवला. म्हणाला, आक्का, दुसरा ठराव दोन मिनिटांत उरकला, तिसरा चाललाय, आप्पांना हाक मारा. मी म्हटलं, तो मौनात जेवतोय, मधेच उठला तर व्रत मोडतं, अंतराय होतो, ते पाप तुझ्या माथी येईल. तू इथं पायरीवर बस, मी आत जाऊन सांगते. मराठ्याचं लेकरू ते, आपल्या व्रताला आपल्याहून जास्त घाबरतं. बसलं. मी आत आले. तू भुवया उडवून विचारलंस, कोण? मी म्हटलं, टांगेवाला, थांबतो म्हणाला. आणि पाचवी वाढली. तिला तूप जरा जास्तच घातलं होतं.

पुढचं तुला माहीत आहे, पण तुला जे दिसलं तेवढंच माहीत आहे. उठून बाहेर आलास तेव्हा पायरीवर नागोजी दिसला, तो तुला आत्ताच आलेला वाटला. तू हात धुऊन परत गेलास तेव्हा तुझं नाव दोनदा पुकारून झालं होतं. मी मागच्या टांग्यातून आले होते. तू पायऱ्यांवर उभा राहून नागोजीला सगळ्यांदेखत बोललास, एकोणीस वर्षं तुझी दौत सांभाळणाऱ्याला, की वेळेवर येऊन सांगता येईना, उद्यापासून तोंड दाखवू नको. त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं. मी केव्हाचा दारातच होतो, आक्कांनी बसवलं, एवढंच म्हणायचं होतं त्याला. त्यानं ते म्हटलं नाही. मान खाली घालून गेला. आणि मी टांग्यात बसून तुझं तोंड बघत होते. खोटं सांगत नाही, बरं वाटलं. इतकं बरं मला साखर वाटतानासुद्धा वाटलं नव्हतं.

गावात आले ती आधी त्या छत्तीस दारांत गेले. प्रत्येकीला सांगितलं, मी तुला फसवलं, नाव नव्हती, शाळा होती. दोघींनी तोंडावर दार लावलं, बरोबर केलं. बाकीच्या म्हणाल्या, घरात या. आता तुझा नंबर पुन्हा चिठ्ठीत निघालाच, तर कळव. आम्ही सदतीस जणी पुण्याला येऊ, तुमच्या गॅलरीत बसू. डबे घेऊनच येऊ, तुझी आबाळ नको.

आता हे पत्र का, ते सांगते. काल पर्युषण पर्व संपलं, आज क्षमावाणी. दर वर्षी या दिवशी माझं पहिलं पत्र तुला जातं, वर्षभरात कळत नकळत मन दुखावलं असेल तर क्षमा कर, म्हणून. यंदा सकाळपासून अकरा पत्रं सांगून झाली. नागोजीची क्षमा मी पत्रानं मागितली नाही, त्याच्या दारात जाऊन, पदर पसरून मागितली. बिचारा माझ्याच पाया पडला. पत्र पोचताच त्याला कामावर घे, दोष त्याचा नव्हता हे आता तुला लेखी मिळालं. मग बाराव्या पत्राची, तुझ्या पत्राची, पाळी आली आणि तोंडातून क्षमेचा शब्द निघेना. दोनदा णमोकार म्हटला, तरी निघेना. म्हणून जे निघालं ते सांगितलं. मी तुझी क्षमा मागत नाही, नि तू माझी मागू नकोस, माझ्याकडं द्यायला नाही. हे अक्षर कुणाचं, तू ओळखलं नसशील, कारण तू ते कधी बघितलंच नाहीस. वळणदार आहे, कुठं खाडाखोड नाही. तुझ्या लेकीचं आहे. मी म्हटलं, तुझ्याकडून दोन ओळी घाल बापाला. ती म्हणाली, आत्या, तुम्ही सांगा तेवढंच लिहिते. तेव्हा तिच्याकडं मागायचं असेल तर टपालानं मागू नकोस. शाळा अकराला भरते. पोरी रांगेत उभ्या असतात, बाई दारात असते. तिथं, बेचाळीस पोरींच्या देखत, टोपी काढून माग. ती देईल की नाही मला ठाऊक नाही, मी तिला काही शिकवणार नाही. मी समोरच्या कट्ट्यावर बसून नुसतं बघीन.

तुझीच,
आक्का