दोघांचं परतीचं भाडं

कोबे, ६ नोव्हेंबर १८९८

प्रिय ह्यू,

बोटीने आलेल्या मेलबर्नच्या वर्तमानपत्रात तुझं भाषण वाचलं. परदेशातल्या तोट्यातल्या व्यापारी कचेऱ्या आपल्या वसाहतीच्या सरकारने पोसायच्या की व्यापाऱ्यांनी, यावर सभागृहात चांगलीच जुंपलेली दिसते. माझ्या कचेरीच्या तरतुदीत तू एक पौंड कपात मागितलीस. माझा कारकून मोरीसान विचारतो, "साहेब, एका पौंडासाठी एवढं भांडण?" आता त्याला काय सांगू, की आपल्याकडे एक पौंड कापला म्हणजे गाशा गुंडाळा असं समजायचं असतं!

तुझं खोटं नाही. इथे आपलं लोणी हवंय कुणाला? नऊ वर्षं दुकानदारांना चाखायला देतोय. ते हसून मान डोलावतात आणि माझी पाठ वळली की तोंड पुसतात. लेटी त्यांच्या बायकांना केक करून घालायची. मला म्हणायची, "तुला विकता येत नाही एडविन, तू आधीच माफी मागून मोकळा होतोस."

राग आला तो तुझ्या शेवटच्या वाक्याचा. "माझी बहीण आणि तिचा नवरा तिकडे एकटे कुजताहेत, त्यांना घरी आणा!" त्यावर टाळ्या पडल्या म्हणे. खरं होतं म्हणूनच झोंबलं. मी फार एकटा आहे, ह्यू. कचेरी बंद करायची वेळ झाली की मोरीसानला उगीच काहीतरी विचारत थांबवून घेतो. तोही बिचारा थांबतो.

त्याच बोटीने सरकारी पत्रही आलं. डिसेंबरअखेर कचेरी बंद, दोघांचं परतीचं भाडं मंजूर, नावं कळवावीत. कळवायला बसलो आणि हात पुढे चालेना.

लेटी मार्चमध्ये गेली. तापाने, चार दिवसांत. इथल्या टेकडीवर परदेशी लोकांचं कबरस्तान आहे, तिथे आहे ती. तेव्हापासून पत्रात ‘लेटी आठवण काढते’ असं मीच लिहीत होतो. कळवलं असतं तर तुम्ही मला लगेच बोलावून घेतलं असतं, आणि तिला टाकून मला येववलं नसतं. अजूनही येववत नाही. मोरीसानच्या चुलत्याच्या पेढीत इंग्रजी पत्रं लिहायचं काम मिळतंय, तेव्हा तिकीट एकही काढू नका. तुमच्या आईला जवळ बसून तूच सांग, हे पत्र तिच्या हाती देऊ नकोस. मला हव्या तेवढ्या शिव्या घाल. शेवटच्या दिवशी लेटी तुलाच हाका मारत होती, आणि हेही मी आठ महिने तुझ्यापासून लपवलं.

तुझाच,
एडविन