कावळ्याला कबूल केलेलं चॅनल

३ फेब्रुवारी
काल अक्षयचा दहावा. उल्हास नदीच्या घाटावर पिंड ठेवला, कावळे झाडावर बसून, खाली एकही येईना. त्याच्या मामांनी सगळी आश्वासनं देऊन पाहिली. शेवटी मी हात जोडून मोठ्याने बोललो, अक्षय, आपलं गेमचं चॅनल बंद पडू देणार नाही. लगेच कावळा शिवला. म्हणजे ऑर्डर वरून आली. आता माघार नाही.

१२ फेब्रुवारी
कैलासशेठ (केबल त्यांची) म्हणाले, धर्मेश, गुंडाळ आता, पोरं मोबाइलवर खेळतात, तुमचं बघतंय कोण? मी नुसता हसलो. एकेकाळी संध्याकाळी आमची रेसिंग लागली की बदलापूर गावातल्या आया पोरांना जेवायला हाका मारून थकायच्या. अक्षय खेळायचा आणि अखंड बडबडायचा, मी कॅमेऱ्यामागे. उद्यापासून दोन्ही मीच करणार.

१३ फेब्रुवारी, दुपार
पहिल्याच वळणावर गाडी भिंतीत. बोलायला काही सुचेना. तूर्त अक्षयचे जुने एपिसोड लावलेत. फक्त वेळ भरायला, भरणी म्हणून.

१ मार्च
भरणी चालू आहे. स्टुडिओत मी एकटा, आणि स्पीकरमधून तो विचारतो, धर्म्या, झोपला काय रे? मी दरवेळी नाही म्हणतो. तब्येत उत्तम.

९ मार्च
त्याचा जॉयस्टिक टेबलावर थरथरला. व्हायब्रेशन मोड असणार. वायर काढलेली होती, पण असो. सोमवारपासून नवीन एपिसोड, नक्की.

२ एप्रिल
संध्याकाळची वेळ फ्लॅटच्या जाहिरातींना गेली. आम्हाला दुपार. दुपार हाच खरा प्राइम टाइम, शेठना कळेल हळूहळू. त्याचा आवाज आता स्पीकर बंद केल्यावरही येतो. भीती वाटते. पण चॅनल बंद केलं तर तो अडकेल, मग काय?

१४ एप्रिल
शेठनी चॅनल कापलं. मी कावळ्याचं सांगितलं. म्हणाले, शब्दातून सोडवायचं तर त्याची आईच सोडवेल, जा.

गेलो. सगळं सांगितलं. काकूंनी डोळ्यांना पदर लावला. म्हणाल्या, तुज्या बोलन्यानी नाय रं शिवला कावला. त्याच टायमाला मी मनात अक्षयला बोलले, तुज्या दोस्ताला नोकरीला लावीन, तवा उतरला. आजारपनात त्याला तोच घोर व्हता, माज्यामागं धर्म्याचं कसं व्हनार.

आनंदनगरच्या कारखान्यात त्यांनी भावाकडून माझं काम करून ठेवलंय. मी येण्याचीच वाट बघत होत्या. सोमवारपासून फर्स्ट शिफ्ट. आणि मी समजत होतो, त्याला मी सांभाळतोय. खूप रडलो.