मागच्या सीटवरचा लाल माणूस

शनिवार, पेडणे. दिवेलागण.

तो लाल माणूस डोक्यातून जात नाही. नव्या गाडीत मागे कुणी बेल्ट न लावता बसलं की समोरच्या पडद्यावर त्या जागेचा एक छोटासा लाल माणूस पेटतो आणि गाडी टिंग टिंग करत राहते.

म्हापशाला बाबांचे डोळे दाखवून परत येत होतो. धारगळला पोचलो आणि टिंग टिंग सुरू.

“बाबा, बेल्ट का सोडलात?”

“गाडी रावय गो. तुझी आई येता.”

धारगळ आईचं माहेर. तिकडे राहून परतताना ती ह्याच वळणावर आमची वाट बघत उभी असायची, केसांत सुरंगीचा वळेसर. पण तिला जाऊन वर्ष होत आलं. हे बाबांना परत सांगायचं? कितीदा? चिडलेच होते मी. तरी गाडी बाजूला घेतली. का घेतली, कुणास ठाऊक.

गाडी थांबली तशी टिंग टिंगही थांबली. बाबा खिडकीकडे सरकले. शेजारची जागा त्यांनी हाताने झाडली, नीट झाडली. बाहेर पिवळं ऊन, पिकल्या काजूंचा वास. हायवे अगदी शेजारी, पण गाड्यांचा आवाज कुठून तरी लांबून आल्यासारखा.

पडद्यावर लाल माणूस अजून होता. एकटाच.

मी मागे वळले नाही. त्याच्या शेजारी दुसरा कधी पेटतो, ते बघत बसून राहिले.