डाव्या सीटवरचं वजन

लडलो,
६ मार्च १९८८

प्रिय एडी,
सा. न. वि. वि.

हेस्टर सुखरूप पोचली असेलच. माझ्या गाडीने न जाता रेल्वेने गेली, म्हणजे पोचण्याबद्दल शंकाच नको, असं तू म्हणणार; म्हणून मीच आधी म्हणून टाकतो. व्हिटबीची समुद्राची हवा लागली की तिची पाठ सुधारेल. पंधरा दिवस म्हणाली आहे. तेवढे दिवस तुझ्या गेस्ट हाउसात पैसे न देणारा एक पाहुणा वाढला, तर सांभाळून घे.

इकडे मी मोठ्या पेचात आहे. चाकांच्या. दहा वर्षांपूर्वी एका शेतकऱ्याच्या कोंबड्यांना बेघर करून मी जी हिरवी दोन सीटांची गाडी घरी ओढून आणली, ती अखेर रस्त्यावर आली आहे, आणि माझ्याकडे तिच्यासाठी चाकांचे दोन संच आहेत. एक तारांच्या चाकांचा, १९६१ साली ती कारखान्यातून निघाली तेव्हा होती तशी: बारीक तारा, मधोमध एकच मोठा नट, उंच टायर. दुसरा अलॉयचा, म्हणजे मिश्रधातूचा: रुंद चाकं, बुटके टायर. आमच्या क्लबातल्या गॉडफ्रे वेझीचं म्हणणं, ज्याला गाडी चालवायची आहे त्याने अलॉय घ्यावीत आणि ज्याला गाडीशेजारी उभं राहून फोटो काढायचाय त्याने तारांची. गॉडफ्रेची स्वतःची गाडी दोन वर्षं ठोकळ्यांवर उभी आहे, पण ज्ञान जोरात चालू आहे.

सध्या अलॉय गाडीवर आहेत आणि तारांची पाहुण्यांच्या खोलीतल्या पलंगावर, कारण शेडमध्ये ओल येते. हेस्टरने जाण्याआधी विचारलं होतं की ईस्टरला तिच्या बहिणीने कुठे झोपायचं. मी म्हटलं, तोवर काहीतरी ठरेल.

मागच्या रविवारी चर्च स्ट्रेटनपर्यंत पहिली फेरी झाली. गॉडफ्रेच्या सल्ल्याने कडक स्प्रिंगा घातल्यात, गाडी दीड इंच खाली आणली आहे. वळणावर अशी चिकटते की विचारू नकोस. मेमध्ये आम्ही दोघं तिच्यातून स्कॉटलंडचा पश्चिम किनारा पाहणार आहोत, हे तुला ठाऊक आहेच. गेली दहा वर्षं तू त्यावरून हसते आहेस. हेस्टर चर्च स्ट्रेटनहून परत बसने आली. तिला बस आवडते.

बाकी क्षेम. माझ्या चाकांवर नसला तरी माझ्यावर लोभ राहू दे.

तुझा,
लायनेल

ता. क. चहा कुठे ठेवते ते हेस्टरला विचारून कळव. घाई नाही.


व्हिटबी,
११ मार्च

प्रिय लायनेल,
थोरल्या बहिणीचे अनेक आशीर्वाद. बरेचसे वाया जातात, तरी देते.

तुझं पत्र मिळालं. त्यात चाकांनी ऐसपैस पाय पसरले आहेत आणि उरलेल्या कोपऱ्यात बायको, तिची पाठ आणि चहा यांनी दाटीवाटीने बसायचं आहे. चहा पिठाच्या डब्यामागे आहे. ज्या बरणीवर ‘चहा’ लिहिलंय, तिच्यात तू वॉशर भरलेस, म्हणून.

हेस्टर पोचली. बरोबर दोन सुटकेसा आणि शिवणयंत्र. लायनेल, शिवणयंत्र. स्टेशनवरच्या माणसाने ते उचलताना माझ्याकडे असं पाहिलं की मी त्याला चहापाण्याचे जास्त पैसे दिले. पंधरा दिवसांच्या हवापालटाला कुणी लोखंडी शिवणयंत्र वागवत नाही. तू आयुष्यभर पोरांना नकाशे वाचायला शिकवलंस, तेव्हा यावरून रस्ता कुठे जातो ते मी वेगळं सांगत नाही.

इथल्या डॉक्टरांनी तिची पाठ तपासून विचारलं की घोड्यावरून पडलात का. ती म्हणाली, नाही, नवऱ्याबरोबर फिरायला गेले होते. डॉक्टरांनी पुढे काही विचारलं नाही, सभ्य गृहस्थ आहेत.

आणखी एक गोष्ट तिच्याकडून कळली, तक्रार म्हणून नाही, बोलण्याच्या ओघात. तारांच्या चाकांची एकेक तार दात घासायच्या ब्रशने साफ करावी लागते, आणि त्यासाठी घरात जे दोन ब्रश होते त्यांतला तू तुझा नाही निवडलास.

चाकांबद्दल माझं मत विचारलं आहेस असं धरून चालते. गोल घे.

माझ्याकडे एक पाद्री उतरलेत, रोज अंड्यांबद्दल कुरकुर करतात. त्यांना तुझं पत्र वाचून दाखवलं तेव्हापासून अंडी गोड मानून खातात. प्रकृतीला जप, आणि थोडी अक्कलही जपून वापर, कुठे संपायची.

तुझी,
एड्विना


लडलो,
१९ मार्च

प्रिय एडी,
सा. न. वि. वि.

‘गोल घे’ हा तुझा सल्ला गॉडफ्रेला ऐकवला. तो म्हणाला, बाईला विषयाची खोली नाही. मी तुझी बाजू घेतली नाही.

शिवणयंत्राचं फार मनावर घेऊ नकोस. हेस्टरला हाताला काम लागतं. पंधरा दिवस होत आले, तेव्हा कुठल्या गाडीने येते ते कळव. मी स्टेशनवर येईन. चालत.

आता कामाचं. गाडीत एक खोट निघाली आहे. गॉडफ्रेने स्प्रिंगांची उंची लावली तेव्हा मी एकटा आत बसलो होतो. त्यामुळे मी एकटा असलो की गाडी अगदी सरळ उभी राहते, आणि डाव्या सीटवर दुसरं कुणी बसलं की त्या बाजूला झुकते. गॉडफ्रे म्हणतो, शर्यतीत शेजारी कुणी नसतं. मी म्हटलं, मी शर्यतीला जात नाही, मी स्कॉटलंडात ओबानला जातोय. तो म्हणाला, असल्या वृत्तीनेच इंग्लंड मागे पडलं.

तेव्हा उंची पुन्हा लावायची तर डाव्या सीटवर बरोबर वजन हवं. माझं वजन मला ठाऊक आहे, विसरू देणारं नाही. हेस्टरचं तू बोलता बोलता सहज विचार आणि कळव. कशासाठी ते सांगू नकोस. तोपर्यंत बाजारातून दोन पोती बटाटे आणून बसवले आहेत आणि पट्ट्याने बांधलेत. प्रवासी म्हणून उत्तम आहेत. खड्ड्यात ओरडत नाहीत.

तारांची चाकं अजून पलंगावर आहेत. त्यांच्यावर चादर घातली आहे, म्हणजे मी अगदीच गबाळा नाही.

कळावे. तुझ्या टोमण्यांना धार आणि मला आयुष्य लाभो.

तुझा,
लायनेल


व्हिटबी,
२७ मार्च

प्रिय लायनेल,
आशीर्वाद, मोजके.

मी साठी ओलांडलेली बाई आहे. दुसऱ्या साठीच्या बाईला तिचं वजन सहज, बोलता बोलता, विचारायचं हे धाडस तू मला सुचवतोस, तेव्हा तुझा माझ्यावर किती जीव आहे ते कळलं. विचारलं नाही. विचारणार नाही.

तुझ्या शेजारच्या मिसेस प्यू यांचं हेस्टरला पत्र आलं. त्यांच्या खिडकीच्या काचेवरून पाऊस वाहत होता, बाहेर लायनेल छप्पर उघडं टाकून गाडीतून जात होता, शेजारी हेस्टर निळ्या रेनकोटात मान खाली घालून बसली होती, असं त्यांनी पाहिलं. हात केला. हेस्टरने उत्तर दिलं नाही म्हणून त्यांना वाईट वाटलं. मग बाजारात गाठून तुला तिची तब्येत विचारली, तर तू म्हणालास की ते बटाटे आहेत, भिजले तर कोंब येतात. मिसेस प्यू यांना अजून नीट समजलेलं नाही. मी त्यांना दोष देत नाही.

हेस्टरने ते पत्र दोनदा वाचलं. मग तिने एवढंच विचारलं की बटाट्यांना रेनकोटाची बटणं लावली होती का. मला माहीत नव्हतं. ती धक्क्यावर फिरायला गेली आणि अंधार पडायच्या आत परतली. येताना कापडाच्या दुकानात आठवड्यातून दोन सकाळी काम ठरवून आली. आता तुझं नकाशावाचन काय सांगतं?

आणि पाठीचं म्हणशील, तर पाठ केव्हाच बरी झाली. ती परवा माझ्या जिन्याचा गालिचा झटकत होती. आता मी सांगते ते तिने मला एकदाच सांगितलं आणि पुन्हा काढलं नाही. चर्च स्ट्रेटनला जाताना प्रत्येक खड्ड्यावर ती तुला हळू जा म्हणत होती आणि तू म्हणत होतास की गाडीला रस्ता जाणवला पाहिजे. हेही ती विसरली असती. पण ती कंबर धरून बसथांब्यापाशी उतरली, तेव्हा तू मागे जाऊन गाडीकडे डोळे बारीक करून पाहिलंस आणि खूश होऊन म्हणालास, तू उतरलीस आणि बघ कशी सरळ झाली.

तुला हे आठवत नसेल. तू गाडीबद्दल बोलत होतास, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तिच्याही नाही. दुखणं तेच आहे.

दहा वर्षं ती हिरवी सवत शेडमध्ये नांदते आहे आणि हेस्टरने तिला कोंबड्यांच्या घाणीपासून धुतलं आहे, सीटांची कातडी स्वतःच्या हातांनी त्याच शिवणयंत्रावर शिवली आहे. त्या सीटवर तू बटाटे बसवलेस.

जेवत जा.

तुझी,
एड्विना


लडलो,
५ एप्रिल

प्रिय एडी,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन आठवडा झाला. उत्तराला उशीर झाला, कारण मी गाडीखाली होतो. तिथे बरं असतं, कुणी तोंड पाहत नाही.

रेनकोटाची बटणं लावली होती. वरचं एक सोडून, ते हेस्टरही लावत नाही.

खाली पडल्या पडल्या एक गोष्ट सापडली. चाकांना धरून ठेवणाऱ्या दांड्यांच्या टोकांना रबरी बुश असतात, त्यांतून बोल्ट जातो. बोल्ट आवळताना रबर ज्या स्थितीत असेल ती त्याला आपली जागा वाटते. मी ते सगळे बोल्ट गाडी ठोकळ्यांवर असताना आवळले होते, चाकं हवेत लोंबत, आत कुणी नाही. झालं असं की गाडी जमिनीवर आली, माणसं बसली, तेव्हापासून प्रत्येक रबर पिळवटून उलट धडपडतंय. कडक स्प्रिंगा, बुटके टायर आणि वर हे. त्या सीटवर गॉडफ्रेला बसवून चर्च स्ट्रेटनला न्यायला हवं होतं.

कारखान्याच्या पुस्तकात हे साध्या इंग्रजीत लिहिलं आहे: गाडी चाकांवर उभी करा, दोन्ही सीटांवर माणसं बसवा, मगच आवळा. मी ते ओलांडून पुढे गेलो होतो. मला वाटलं, माणसं काय, नंतर बसतील.

तर आता असं केलंय. कडक स्प्रिंगा काढल्या, जुन्या घातल्या. उंची होती तशी केली. अलॉय चाकं टायरांसकट गॉडफ्रेला विकली; त्याच्या ठोकळ्यांना शोभतील. तारांची चाकं लावली, उंच टायरांची. म्हणजे पलंग मोकळा झाला, पण ईस्टर होऊन गेला. तारा माझ्या ब्रशने घासल्या, आणि मग दात घासायच्या वेळी माझ्या लक्षात आलं की विचार थोडा आधी करायला हवा होता.

सगळे बोल्ट सैल सोडले आहेत. गाडी शेडमध्ये चाकांवर उभी आहे, हलवली तर गदगदते. आवळता येत नाही, कारण आवळताना दोन सीटांवर दोन माणसं हवीत. माझ्या सीटवर बटाटे चालतील, मी खाली असणार. डाव्या सीटचा प्रश्न आहे. मिसेस प्यू बसायला तयार आहेत, केकही आणते म्हणाल्या. मी नको म्हटलं. त्या हिशेबाने रबर बसलं तर आयुष्यभर ते मिसेस प्यूंचं होऊन राहील.

ओबानचं हॉटेल अजून रद्द केलेलं नाही. तेवढ्यासाठी त्यांचा दुसऱ्यांदा फोन आला होता. मी सांगितलं, गाडी सैल आहे.

हे पत्र हेस्टरला वाचून दाखवू नकोस. न्याहारीच्या टेबलावर विसरलीस तर मात्र माझा इलाज नाही.

तुझा,
लायनेल


व्हिटबी,
१० एप्रिल

प्रिय लायनेल,
स. न.

एड्विना आयुष्यात काही विसरलेली नाही, पण परवा तिने तुझं पत्र मार्मलेडच्या बरणीखाली विसरून दाखवलं. खोटं तिला फार वाईट जमतं. मार्मलेडही लागलं आहे.

मी गुरुवारी दुपारच्या गाडीने येते. स्टेशनवर चालतच ये. ती गाडी सैल असताना तू ती आणशील अशी मला भीती वाटते, म्हणून स्पष्ट लिहिते.

मी बोल्टांसाठी येते आहे. मी डाव्या सीटवर बसेन, विणायला घेऊन. तू खाली आवळ. मी वरून विचारेन तेव्हा तू उत्तर द्यायचंस, हुं म्हणायचं नाही. पाठीमागे उशी लागेल. निळ्या रेनकोटाला बटाट्यांचा वास येत असेल तर तो धुवून ठेव, आणि नसेल तरी धुवून ठेव. दोन नवे ब्रश घे, त्यांतला एक माझा आहे असं त्याच्यावर लिही, मोठ्या अक्षरात, वॉशरांच्या बरणीवर लिहितात तसं नको.

मग आपण चर्च स्ट्रेटनला जाऊन येऊ. त्याच रस्त्याने.

कापडाच्या दुकानात मी दोन आठवड्यांची रजा मागितली आहे, नोकरी सोडलेली नाही. एक सुटकेस आणते आहे. शिवणयंत्र इथेच राहील. ते जड आहे, उगाच दोनदा वाहायला नको.

वजन सांगणार नाही. रबराला कळलं म्हणजे पुरे.

हेस्टर


लडलो,
२४ एप्रिल

प्रिय एडी,
सा. न. वि. वि.

बोल्ट आवळले. हेस्टर वर विणत होती आणि मी खाली उत्तरं देत होतो. दहा वर्षांत तिने जे विचारलं नव्हतं ते सगळं तिने त्या दुपारी विचारून घेतलं. माझ्या छातीवर गाडी होती, पळायला जागा नव्हती. एकदा मी हुं म्हणालो. तिने विणकाम खाली ठेवलं, आणि सीटवरून उतरायला लागलीच होती. तिला परत बसवायला मला बोल्टांबद्दल एकही शब्द न काढता बराच वेळ बोलावं लागलं. काय बोललो ते तिला विचार; तीही सांगणार नाही.

काल चर्च स्ट्रेटनला गेलो. हळू. मागून येणाऱ्या एका ट्रॅक्टरने हॉर्न दिला. त्या बसथांब्यापाशी मी गाडी थांबवली. हेस्टरने विचारलं, इथे का. मी म्हटलं, सहज. बस आली, थांबली आणि गेली. ती उतरली नाही. मग म्हणाली की इथे चहा बरा मिळतो असं वाटत नाही, पुढे चल.

घरी आल्यावर मी सवयीने मागे जाऊन पाहिलं. हेस्टर अजून आतच होती, लोकर गुंडाळत. गाडी डावीकडे केसभर झुकते. एका पान्याचं काम आहे, पाव फेरा.

तिने काचेतून विचारलं, काय बघतोस. मी म्हटलं, चाकं छान दिसतात.

गॉडफ्रे येऊन बघून गेला. त्याने ते झुकणं लगेच ओळखलं आणि पाना मागितला. पाना कुठे आहे ते मला आठवेना.

ओबानहून पत्र टाकू. पाद्रीबुवांना नमस्कार सांग, आणि आमच्यावरची माया आता दोघांत समान वाटून दे. तिला थोडी जास्त.

तुझा,
लायनेल

ता. क. हेस्टर म्हणते, शिवणयंत्र रेल्वेने पाठवून दे. पाहुण्यांच्या खोलीत खिडकीपाशी जागा केली आहे.