दुकान वाढवलं

तात्या, गेल्या शुक्रवारी तुमच्या नातीने तुमच्या दुकानाचं अभिनंदन केलं. तुम्ही असतात तर आधी हसला असतात आणि मग कान माझा धरला असतात, तिचा नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की ती तुम्हाला भिंतीवरच्या फोटोतच ओळखते. मी मात्र घरचा फोन वाजला की अजून दचकतो. "काय रे, कधी येतोयस?" तुम्ही दर वेळी विचारायचात आणि मी इथल्या लोकांसारखं म्हणायचो, इन्शाल्ला, पुढच्या वर्षी. पहिल्यांदा तुम्ही त्याचा अर्थ विचारलात. दुसऱ्यांदा म्हणालात, "कळलं. म्हणजे आपल्या भिंतीवरची पाटी. आज रोख, उद्या उधार."

मी आता काय काम करतो ते तुम्हाला माहीत नाही. दोह्याजवळच्या लुसैलमधल्या एका टॉवरमध्ये, बिनखिडकीच्या खोलीत बसून मी एका अमेरिकन व्यापारी घराण्याचे दोनशे वर्षांपूर्वीचे कागद वाचतो. त्यांची जहाजं या बाजूच्या बंदरांत खजूर आणि कॉफी न्यायला यायची, म्हणून इथल्या एका संस्थेने ते सगळे स्कॅन करून मागवलेत. मालाच्या याद्या, कप्तानांच्या तक्रारी, शिंप्याचं बिल, घरातल्या बाईने जावेला लिहिलेली मुरंब्याची कृती, सगळं एकाच पेटीत. धंदा कुठे संपतो आणि घर कुठे सुरू होतं ते समजत नाही. आपल्याकडे तरी कुठे समजायचं? आपल्या दोरखंडाच्या दुकानात काथ्याच्या गुंडाळ्यांवर बसून मी पाढे पाठ केले, आणि अंगाला डांबराचा वास येतो म्हणून आई तुमचं ताट पडवीत मांडायची. प्रत्येक कागदाचं दोन ओळींत इंग्रजी वर्णन लिहायचं, एवढंच माझं काम. आमचा सुपरवायझर केरळचा आहे. दारातून डोकावतो आणि म्हणतो, "भाई, ये बॅच आज खतम करो, यल्ला." काँट्रॅक्ट वर्षाचं असतं. दर वर्षी मी ठरवतो की हे शेवटचं, आणि दर वर्षी सही करतो.

त्या घराण्यातला धाकटा मुलगा अरबी किनाऱ्यावरच्या एका बंदरात बसवला होता, माल घ्यायला आणि पाठवायला. तो वडिलांना लिहितो की उन्हाने जीव जातो, पाणी मचूळ आहे, बोलायला माणूस नाही, पुढच्या जहाजाने मला परत बोलवा. जहाज बुडालं तर पत्रही जायचं, म्हणून त्या काळी एकच पत्र दोन-तीनदा लिहून वेगवेगळ्या जहाजांनी धाडत. त्यामुळे त्याचं रडगाणं मला तीनतीनदा वाचावं लागतं. पहिल्याचं वर्णन नीट लिहितो, बाकीच्यांपुढे नुसतं 'प्रत' लिहितो. वडील उत्तर देतात, आणखी एक खेप होऊ दे. त्या म्हाताऱ्याच्या नावाने मी महिनोन्महिने बोटं मोडली. मग एके दिवशी त्याचं पत्र समोर आलं: ये, तुझी खोली झाडून ठेवली आहे. मी घाईघाईने पुढची पेटी उघडली. मुलाने लिहिलं होतं की या हंगामात कामं फार आहेत, पुढच्या जहाजाचं बघतो. मला त्याचा इतका राग आला की मी उठून पॅन्ट्रीत गेलो आणि चहा न घेताच परत आलो.

दुकान दादाने चालवलं, तुमच्यानंतरही. मी इथून दर फोनला सांगत राहिलो की एक दिवस येऊन गादीवर बसेन. हे मी बायकोला सांगितलं, ऑफिसात सांगितलं, उन्हाळ्यात बाहेर पाऊल टाकता येत नाही तेव्हा स्वतःला तर रोजच सांगितलं. दुकान आहे ना तिकडे. मी काही कायमचा अडकलेलो नाही. तुम्ही माझा खोका बांधलात तो दिवस आठवतो. दुकानातला सगळ्यात चांगला दोर काढलात, गुडघा खोक्यावर रोवून गाठ मारलीत आणि म्हणालात, "ही गाठ सोडायची असते. कापायची नाही." दोह्यात उतरल्यावर ती मला सुटेना. मी स्वयंपाकघरातली सुरी घेतली.

आता शुक्रवारचं सांगतो. मी अल रय्यानच्या आमच्या फ्लॅटमध्ये ओट्याशी उभा, कोळंबी सोलतोय. बायको हॉस्पिटलात ड्यूटीवर. माझा फोन मुलीच्या हातात, आणि ती दादाचा व्हॉइस मेसेज लावते. तो म्हणतो, "नारळीपौर्णिमा झाली, होड्या पाण्यात गेल्या. आता गिऱ्हाईक नाही आणि माझे गुडघेही नाहीत. गणपती झाले की दुकान वाढवतो, कायमचं. गाळ्याला माणूस बघून ठेवलाय. पण तू येऊन बसणार म्हणत होतास, म्हणून विचारतो. बसणार असशील तर आत्ता बोल, मी थांबतो."

आणि माझ्या मुलीने तिथल्या तिथे उत्तर रेकॉर्ड केलं. "काका, काँग्रॅच्युलेशन्स! वी आर सो हॅपी. बाबा पण हॅपी आहेत." पाठवून मोकळी. मग मला म्हणाली, "वाढव म्हणजे इन्क्रीज ना, बाबा? आपण एसी वाढव म्हणतो." तिचं काय चुकलं? आमच्या घरात एसी वाढतो, आवाज वाढतो, पानात भात वाढतात. दुकान वाढवतात हे तिला कोण सांगणार? मला तुम्ही सांगितलं होतंत. मी लहान असताना गिऱ्हाइकांसमोर ओरडलो होतो, तात्या, दुकान बंद करा, आई जेवायला बोलावत्ये. तुम्ही कान पिळून म्हणालात, "बंद कर म्हणू नये मेल्या. वाढव म्हण. बंद म्हटलं की बंदच पडतं." त्या दिवशी कान दुखला त्यापेक्षा सगळे हसले ते जास्त लागलं.

दादाचं उत्तर जेवणं झाल्यावर आलं. आवाज शांत होता. "पोचलं अभिनंदन. पोरीकडून का होईना, स्पष्ट कळवलंस ते बरं झालं. मी त्या माणसाला होकार देतो."

संध्याकाळी बायकोला सांगितलं तेव्हा ती हसता हसता थांबली. "मग लगेच फोन कर त्यांना. जायचं असेल तर खरंच जा. तिची बारावी मी बघते." एवढी वर्षं मी तिच्या नोकरीचं आणि पोरीच्या शाळेचं नाव पुढे करत आलो, आणि तिने एका वाक्यात दोन्ही बाजूला सारली. मी म्हटलं, करतो. ती रोज विचारते, मी रोज करतो म्हणतो. त्या बिनखिडकीच्या खोलीत माझा जीव गुदमरतो, तात्या, हे खोटं नाही. पण गादीवर बसल्यावर गावातली माणसं मला बघायला येतील आणि मला सुंभाचा भावही सांगता येणार नाही, याची त्याहून भीती वाटते. जायला जागा होती तोवर इथे राहणं जमत होतं.

आणखी एक सांगायचं राहिलं. ती रेकॉर्ड करत होती तेव्हा मी तिच्यापासून दोन हातांवर उभा होतो. दादाचा शब्द न् शब्द मी ऐकला होता आणि तिचाही. तिला थांबवता आलं असतं. हात कोळंबीने बरबटले होते, तोंड नव्हतं. मी सोलत राहिलो, आणि निरोप गेल्याचा आवाज झाला तेव्हा मला हलकं वाटलं. गणपती अजून व्हायचे आहेत. हे तुम्हाला पोचणार नाही म्हणून एवढं लिहिता आलं. दादाला पोचेल असं एक वाक्यही मला अजून लिहिता आलेलं नाही.